धुवायचं पाणी

आमच्या गुऱ्हाळावर मशीन चालवणारे लई हायेत. बटण दाबायचं, कमरेवर हात ठेवून उभं राहायचं, आन् कुणी पाव्हणा आला की "हे सगळं ऑटोमॅटिक हाय" म्हणून सांगायचं. या कामाला गावातला एक बी गडी मागं सरत न्हाई. पण ती मशीन धुवायची म्हणलं की एकाची कंबर धरती, दुसऱ्याला अंबाजोगाईला काम निघतं, तिसऱ्याच्या घरी पाव्हणे येतात. मंग धुवायला कोण, तर मी, वनमाला. आठ वर्षं दूध केंद्रावर टाक्या धुतल्या, आता उसाच्या रसाची मशीन धुते. लोकांनी वापरून टाकलेलं धुण्यात जिंदगी गेली, त्यामुळं माणसं बी मला आतून दिसतात. बाहेरची इस्त्री मला दाखवू नका.

गुऱ्हाळ अमरसिंहाचं. गाव तेला भैय्यासाहेब म्हणतं, म्हणून मी बी म्हणते, तोंडानं. जागा तेची, शेड तेचं, बोअर तेचा. मशीन मात्र एका प्रकल्पातनं आमच्या बारा बायांच्या गटाला मिळालेली. आन् गटाची अध्यक्ष कोण, तर तेचीच बायको, प्रियदर्शनी वहिनीसाहेब. त्या गुऱ्हाळावर आजवर एकदाच आल्या, फीत कापायला. साडीला चिपाडाची कुसळं चिकटली म्हणून अर्ध्या तासात गाडीत जाऊन बसल्या. मशीनचं तोंड कुठलं आन् बूड कुठलं, हे त्यांना इचारू नका, उगं बिचारीला तकलीफ.

आमी काकवी करतो. आधी कच्चा रसच कढईत घालायचो. पाच-पाच तास चिपाड जाळायचं, धुरानं डोळे फुटायची पाळी, आन् निघायची काकवी काळीकुट्ट. ही मशीन रसातलं अर्धं पाणी आधीच काढती. रस कापडातून गाळायचा, मंग बारीक फिल्टरातून, मंग मोटार तेला दाबून एका जाड नळीत ढकलती. नळीत पडदा गुंडाळलेला असतो. पडद्यातून पाणी पलीकडं जातं, साखर अलीकडं राहती. घट्ट रस कढईत गेला की दोन तासात काकवी तयार, मधाच्या रंगाची. तशी काकवी बघून पुण्याची दुकानं बी मागणी करायला लागली.

बसवायला राधाकिशन नावाचा फिटर आलता. मोजकं बोलणारा, हाताला ग्रीस लागलेला, म्हणजे कामाचा माणूस. पहिल्या दिवशी तेनं आमच्या बोअरच्या नळावर नख घासलं. नळाला पांढरा चुना धरलेला. तो म्हणला, "हे पाणी मशीनच्या आत घालू नका. चुना पडद्यात बसंल आन् पडदा खलास. मशीननं रसातून जे पाणी काढलं, तेच साठवायचं आन् तेनंच मशीन धुवायची. रोज दोन ड्रम निघंल, रोज दोन ड्रम लागंल. हे पाणी मशीनचं हाय, असं समजा."

गड्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला काय जातंय. मी वहीत लिहून घेतलं. रस बंद झाला की लगेच अर्धा ड्रम पाणी सोडून गोडी काढायची. मंग कोमट पाण्यात धुण्याची पावडर घालून अर्धा तास फिरवायची. पाणी कोमट म्हणजे लेकराच्या अंघोळीला कोपर बुडवून बघतो तेवढंच, जास्त न्हाई. मंग बुळबुळीतपणा जाईस्तोवर साधं शुद्ध पाणी. आठवड्यातून एकदा लिंबूसत्त्व. आन् पडदा कधी कोरडा पडू द्यायचा न्हाई. मशीनची तब्येत बघायची तर शुद्ध पाण्याच्या नळाखाली पंधरा लिटरची बादली लावायची आन् मोबाईलवर वेळ बघायची. नवी होती तवा बादली नऊ मिनिटांत भरायची.

ती वेळ वहीत मांडायचं काम योगिताचं. योगिता बावीस वर्षांची, गटातली सगळ्यात लहान, आन् सगळ्यात नेटकी. तिची गोष्ट सांगितल्याबिगर पुढं जाता येत न्हाई. मागल्या साली ती नवऱ्यासंगं, लखनसंगं, ऊसतोडीला गेलती. पोट पुढं आलेलं असताना मोळ्या उचलल्या आन् पोरगी उसाच्या फडातच झाली, पाचटाच्या झोपडीत, कोपीत. ती पोरगी आता वर्षाची हाय. या साली मुकादमाची पहिली ट्रक दसऱ्याला गेली, पण योगिता चढली न्हाई. लखननं तिला मुदत दिली. प्रकल्पाच्या मॅडम डिसेंबरात मशीन बघायला यायच्या होत्या. बादली बारा मिनिटांच्या आत भरली तर मशीन गटाकडं कायम, न्हाई भरली तर उचलून दुसऱ्या गावाला. लखन म्हणला, "मशीन राहिली तर आपण बी राहू. गेली तर त्याच सांजच्याला मुकादमाची दुसरी ट्रक हाय." माणूस वाईट न्हाई तो. पण तेला सरळ एवढंच कळतं.

म्हणजे बारा मिनिटांच्या एका बादलीवर त्या पोरीचं घर उभं होतं. हे मला माहीत होतं, योगिताला माहीत होतं, लखनला माहीत होतं. भैय्यासाहेबांना बी माहीत होतं, पण तेंना स्वतःच्या बॅनरपलीकडचं काय दिसत न्हाई.

डिसेंबरात गावात हरिनाम सप्ता बसला. आमचा सप्ता म्हणजे सात दिवस कीर्तन, पंगती, आन् आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन, दहीहंडी. दर साली कुणीतरी मांडव देतं, कुणी तांदूळ देतं, कुणी माइक देतं. या साली भैय्यासाहेब पंचायत समितीला उभं राहायच्या तयारीत. तेंना असं काहीतरी द्यायचं होतं की जे आजवर कुणी दिलं न्हाई.

सप्त्याच्या आदल्या दिवशी तेंची पिकअप गुऱ्हाळावर आली. मागं पन्नास रिकामे जार. प्रत्येक जारवर तेंचा हात जोडलेला फोटो चिकटवलेला, आन् खाली 'शुद्ध पाणी, शुद्ध विचार'. विचार कोणते ते काय लिहिलं नव्हतं.

"वनमाले, सप्त्याचं पाणी आपल्याकडं," भैय्यासाहेब म्हणले. "भर हे जार."

"कशातनं भरू?"

"कशातनं म्हणजे? आरओ हाय की आपल्याकडं." तेंनी ड्रमातून गिलास बुडवला आन् पिले. "वा. उसाचा वास बी किती बारीक येतोय. असं पाणी तुमी नळ्या धुवायला घालता? डोकी ठिकाणावर हायेत का तुमची?"

"भैय्यासाहेब, हे मशीनचं पाणी हाय. राधाकिशन सांगून गेलाय. हे गेलं तर मशीन कशानं धुवायची?"

"बोअरनं धू. पाणी ते पाणी."

"बोअरच्या पाण्यात चुना हाय. पडदा बंद पडंल."

ते हसले, सोबतच्या दोघांकडं बघून. मोठ्या माणसाला हसायला बी साक्षीदार लागतात. "अगं, साऱ्या जगात आरओ पाण्यासाठीच असतो. तालुक्याला जा, घराघरात भिंतीवर टांगलेला हाय. पाणी शुद्ध करणारी मशीन, आन् ती म्हणं पाण्यानं खराब होती. कुणाला सांगू नको, लोक हसतील."

आता सांगा, अशा माणसाला काय समजवायचं. तेच्या लेखी काकवी हा उगं मधला पसारा होता, मशीनचं खरं काम पाणी काढायचं. बरं, हा एकटाच येडा असता तर निभलं असतं. गुऱ्हाळावरचे सगळे गडी, रस्त्यानं जाणारे-येणारे, सगळ्यांचं हेच मत. आरओ दिसला की आधी गिलास पुढं करायचा.

मी ड्रमासमोर उभी राहिले. म्हणलं, "एक थेंब बाहेर जायचा न्हाई. मॅडम येऊन जाऊ द्या, मंग बघू."

भैय्यासाहेब चिडले न्हाईत. आवाज खाली आणून, लई गोड बोलून इचारलं, "मंग तुझ्या घरी रोज सांजच्याला हंडा जातो, तो कुठला गं?"

मी बाजूला सरले. दुसरं काय करणार.

हे मी आधी सांगितलं न्हाई. सांगायचं राहिलं असं बी न्हाई, लपवलं. सगळ्या गावाला नावं ठेवत बसले, पण ड्रमातला पहिला हंडा मीच नेलता. माझी सासू, रतनबाई, मी तिला आत्याबाई म्हणते. जवानीत शेळ्या-मेंढ्यांच्या मागं सारा बालाघाट पायी तुडवलेली बाई. आता तिला मुतखडा. कळ आली की भिंतीला डोकं टेकून बसती, आवाज काढत न्हाई. डॉक्टर म्हणले, बोअरचं पाणी बंद करा. जारवाला टेम्पो गावात येतो, पण आमच्या वस्तीवर येत न्हाई, रस्ता न्हाई म्हणतो. मंग मी इचार केला, एका हंड्यानं काय होतंय, शेवटचं धुणं जरा कमी करू. दोन महिने ते पाणी पिऊन तिला कळ आली न्हाई. आन् बादलीला नवाची दहा मिनिटं लागायला लागली, ते मी योगिताला वहीत नऊच मांडायला लावलं. मी, जी दूध केंद्रावर दुसऱ्यांच्या टाकीत बोट फिरवून वास घ्यायची.

तर भैय्यासाहेबांनी जार भरले. पन्नासच्या पन्नास भरायला तीन दिवस लागले, आन् पुढं निघालेलं बी हंड्या-हंड्यानं पंगतीला गेलं. निम्मे सप्त्याच्या पंगतीला गेले आन् निम्मे काल्यासाठी राखून ठेवले, कारण काल्याला गर्दी जास्त आन् फोटो काढणारा बी तवाच यायचा. मला सांगितलं, धुवायचं नसलं तर घरी बस. मी न्हाई धुतली बोअरनं. मंग तेंचा एक गडी आला, बोअरचा पाईप टाकीत सोडला, वरून अंगाचा साबण खिसून टाकला आन् फेस बघून खूश झाला. म्हणला, "काकू, तुमच्यापेक्षा चकाचक." मी म्हणलं, "आता उटणं बी लाव."

दुसऱ्या दिवशी बादलीला चौदा मिनिटं लागली. तिसऱ्या दिवशी बावीस. सप्त्याच्या सातव्या दिवशी चाळीस मिनिटं झाली तरी बादली काठाला आली न्हाई. योगितानं वही पुढं केली आन् इचारलं, "काकू, किती मांडू?"

"खरं मांड," मी म्हणलं.

तिनं चाळीस लिहिलं. मंग वही मिटून पोरीला कडेवर घेतलं आन् बराच वेळ मशीनकडं बघत उभी राहिली. रडली न्हाई. रडली असती तर बरं झालं असतं, मला बी काहीतरी बोलता आलं असतं. लखननं त्याच दिवशी घरातली पत्र्याची पेटी खाली उतरवली, हे तिनंच सांगितलं.

भैय्यासाहेबांना जाऊन सांगितलं तर ते म्हणले, "मशीनच डुप्लिकेट. मला पहिल्याच दिवशी शंका आलती." मंग जरा थांबून, "आन् बायकांच्या हातात यंत्र दिलं की दुसरं काय व्हायचं. कावून इतकी चिंता करतीस, गेली तर जाऊ दे. सप्त्याला मात्र नाव निघालं." तेंच्या मागं भिंतीला दोन जार टेकवून ठेवलेले, फोटो आमच्याकडं करून. तीन-तीन भैय्यासाहेब मला एकदम समजावत होते.

मी राधाकिशनला फोन लावला. सगळं सांगितलं, साबणाचं बी. तेनं आधी किती दिवस बोअरचं घातलं ते इचारलं. मंग म्हणला, "नशीब असंल तर अजून निघंल. लिंबूसत्त्व कोमट पाण्यात घालून फिरवा, मुरू द्या, पुन्हा फिरवा. मंग पावडर. मंग परत सत्त्व. पण सगळं शुद्ध पाण्यात. चारशे लिटर तरी पाहिजे. बोअरचं घातलंत तर मला पुन्हा फोन करू नका."

चारशे लिटर कुठून आणायचं? मशीन थेंब-थेंब गळत होती. जारवाला टेम्पो आठ दिवस गावाकडं फिरकला नव्हता. भैय्यासाहेबांचं पाणी फुकट असताना तो कशाला येतोय. दुसऱ्या दिवशी काला, तिसऱ्या दिवशी मॅडम. शुद्ध पाणी गावात एकाच जागी होतं. मांडवात, महाराजांच्या गादीमागं, पंचवीस जार एकावर एक रचलेले.

सांजच्याला घरी आले. आत्याबाई चुलीपुढं बसल्या होत्या. तेंना सगळं सांगितलं. माझ्याच हंड्यामुळं माझं तोंड बंद झालं, हे बी सांगितलं. तेंनी कोपऱ्यातल्या हंड्याकडं बघितलं. तेच्यात आठ दिवसांपूर्वीचं अर्धं पाणी होतं. जार भरायला लागल्यापासून मी नवं आणलं नव्हतं आन् तेंनी ते पुरवून-पुरवून पिलं होतं.

"वने, मला कावून सांगितलं न्हाई, हे कुणाचं पाणी हाय ते?"

"सांगितलं असतं तर पिलं असतं का तुमी?"

"न्हाई."

"म्हणूनच."

त्या रात्री तेंनी हंड्यातलं घोटभर बी घेतलं न्हाई.

काल्याच्या दिवशी सारा गाव मांडवात. कीर्तन झालं, दहीहंडी फुटली, लाह्यांचा प्रसाद वाटून झाला. मंग सत्कार सुरू झाले, जे आमच्याकडं कीर्तनापेक्षा जास्त वेळ चालतात. माइकवाल्यानं भैय्यासाहेबांना 'जलदाते' म्हणलं. जलदाते. बोअर कोरडा पडला तर शेजाऱ्याला बादली न देणारा माणूस. भैय्यासाहेब शाल पांघरून उभं राहिले, डोळे मिटून, हात जोडून, जारवरच्या फोटोसारखे.

तेवढ्यात आत्याबाई उठल्या. बायांच्या घोळक्यातून वाट काढत पुढं गेल्या. कडेवर तो अर्धा हंडा. तेंनी हंडा स्टेजच्या कडेला ठेवला आन् पदरानं तोंड पुसलं.

"भैय्यासाहेब," आत्याबाई म्हणल्या. माइक जवळच होता, सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. "हे पाणी माझ्या सुनेनं माझ्यासाठी आणलतं. मला ठाऊक नव्हतं कुणाचं हाय ते. मशीनचं हाय म्हणं. मी माघारी आणलंय. मी मशीनचं देणं ठेवत न्हाई. तुमचं बी द्या आता."

महाराजांनी टाळ खाली ठेवला. भैय्यासाहेबांनी डोळे उघडले आन् आधी फोटोवाल्याकडं बघितलं. पोरगं फोटो काढतच होतं, तेला कुणी थांब म्हणलं नव्हतं.

मंग मी उठले. अजून काय बघायचं होतं. म्हणलं, "योगिता, चल." आमी दोघी महाराजांच्या गादीमागं गेलो, महाराजांना वाकून नमस्कार केला आन् एक-एक जार उचलला. आमच्या मागं दगडाबाई आली, जी कढईखाली चिपाड लावती. मंग गटातल्या बाकीच्या. अध्यक्षीण वहिनीसाहेब पहिल्या रांगेत खुर्चीवर होत्या, त्या उठल्या न्हाईत, पण पाय मात्र आत घेतले, आमाला जायला वाट म्हणून. तेवढी मदत झाली त्यांची. शेवटी लखन आला. कुणाकडं न बघता दोन खांद्यावर दोन जार घेतले आन् चालायला लागला.

आन् भैय्यासाहेब? हा माणूस पाण्यात पडला तरी कोरडाच निघायचा. तेनं माइक हातात घेतला आन् म्हणला, "मंडळी, आपल्या महिला गटाच्या भगिनींना मी हे पाणी आज भेट देत हाय. टाळ्या." गावानं टाळ्या वाजवल्या. आमचं गाव कशाला बी टाळ्या वाजवतं.

वाजवू द्या. चारशे लिटरच्या वर पाणी आमच्याकडं आलं होतं आन् वर आत्याबाईचा अर्धा हंडा.

दुपारपासून धुवायला घेतलं. लिंबूसत्त्वाचं पहिलं पाणी फिरून बाहेर आलं ते दुधासारखं पांढुरकं, तेच्यात साबणाचे बारीक-बारीक गोळे. मी ते तळहातावर घेऊन त्या चकाचकवाल्या गड्याला दाखवलं. तो नखं खात उभा राहिला. पाणी मुरत ठेवलं, पुन्हा फिरवलं, मंग पावडर, मंग पुन्हा सत्त्व. दर वेळी मी कोपर बुडवून बघत होते आन् योगिता घड्याळ. एक जार उचलायचा, ओतायचा, रिकामा बाजूला ठेवायचा. सांज झाली तवा शेडच्या भिंतीला वीस भैय्यासाहेब हात जोडून उभे होते, सगळे पोकळ.

सकाळी उरलेल्या पाण्यानं शेवटचं धुणं केलं. सगळ्यात शेवटी आत्याबाईचा हंडा ओतला. मंग ताजा रस सोडला.

मॅडम दहाला आल्या. भैय्यासाहेब आमच्या आधी हजर, पांढऱ्या कपड्यात. "हे सगळं ऑटोमॅटिक हाय," तेंनी सांगितलं. मॅडमनी मान डोलावली आन् बादली मागितली. नळाखाली बादली लागली. योगिता पोरीला कडेवर घेऊन माझ्या शेजारी उभी. तिनं घड्याळ बघितलं न्हाई, बादलीकडंच बघत होती. लखन दारात.

अकरा मिनिटं आन् थोडी सेकंदं.

"चांगलं हाय," मॅडम म्हणल्या. "मेंटेनन्स कोण बघतं?"

"आमी बघतो," भैय्यासाहेब म्हणले.

मला नाव नको होतं, मला अकरा मिनिटं पाहिजे होती. योगितानं वहीत अकरा मांडलं, अक्षर जरा वाकडं आलं. त्या सांजच्याला मुकादमाची ट्रक आमच्या फाट्यावरून गेली, वर भांडी-कुंडी, लेकरं, कोयते. लखन फाट्यावर उभा राहून बघत होता, हात खिशात घालून. ट्रक थांबली, हॉर्न वाजवला, पुढं गेली. घरी येऊन तेनं पेटी परत माळ्यावर टाकली.

अकराची आता नऊ मिनिटं कधी होणार न्हाईत, राधाकिशननं सांगितलंय. पडद्याचा थोडा भाग कायमचा मेला. म्हणून मी नियम केला. दोन ड्रम भरायचे, दोन्ही ड्रमांनी मशीन धुवायची, थेंब बाहेर न्हाई. भैय्यासाहेबांनी ड्रमावर 'अमरसिंह यांच्या सौजन्याने' असं लिहून घेतलंय. लिहू द्या, ड्रम वाचत न्हाई.

परवा आत्याबाईंना पुन्हा कळ आली. दोन दिवस भिंतीला डोकं लावून बसल्या होत्या. डॉक्टरांच्या गोळ्यांनी थोडं बरं वाटलं. दिवस मावळायच्या वेळी मी गुऱ्हाळावरून आले तर आमच्या ओसरीवर योगिता. पदराखाली भरलेली घागर. ती आत्याबाईंना हळूच म्हणत होती, "आजी, एकच घागर. काकूला सांगू नका."

मी दाराआड थांबले. खरं सांगते, माझ्या मनात आलं की बोलू नये. पिऊ दे म्हाताऱ्या जिवाला, मला दिसलंच न्हाई म्हणायचं. साऱ्या गावाला शिव्या घालणारी मी, तितं चोरासारखी उभी होते आन् देवाला म्हणत होते, पिऊ दे तिला.

आत्याबाईंनी घागरीत बोट बुडवून जिभेला लावलं. ओळखलं.

"लई ग्वाड हाय," त्या म्हणल्या. मंग घागर उचलून परत योगिताच्या कडेवर दिली. "जा, ओतून ये. तुझी पोरगी हितंच वाढायची हाय."

योगिता गेली. मी आत आले. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं, बोअरच्या पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आन् सगळा पिला.